धागा : मॅडव्हिलनी (२००४) – डूम आणि मॅडलिब यांचा अल्बम, त्याची बांधणी आणि त्याचं स्वागत

तबकडी_३३

हिप हॉपच्या धाग्यांत या अल्बमचं नाव दर चार प्रतिसादांनी येतं आणि चर्चा लगेच दुसरीकडे वळते. म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधी मूळ माहिती. जोडीचं नाव मॅडव्हिलन. रॅपर एमएफ डूम, म्हणजे डॅनियल डुमिले, जन्म लंडन, १९७१. संगीत मॅडलिबचं, म्हणजे ओटिस जॅक्सन ज्युनियर, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डचा. लेबल लॉस एंजेलिसचं स्टोन्स थ्रो. प्रकाशन २३ मार्च २००४. गाणी २२, एकूण ४६ मिनिटं. म्हणजे सरासरी एका गाण्याला दोन मिनिटं पाच सेकंद.

मुखपृष्ठ जेफ जँक यांनी केलेलं. धातूचा मुखवटा घातलेल्या डूमचं करड्या छटांतलं छायाचित्र आणि कोपऱ्यात एक छोटा नारिंगी चौकोन. सगळ्या चित्रात रंग तेवढाच.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे काम अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. गाणी मध्येच संपतात, आवाज दबलेला, तबकडीची खरखर तशीच ठेवलेली. माझं म्हणणं असं की यातली जवळपास प्रत्येक गोष्ट ठरवून केलेली आहे, आणि ती का केली हे यंत्र, वेळापत्रक आणि गळतीची (अल्बम आधीच बाहेर फुटण्याची) भानगड समजली की स्पष्ट होतं. मतभेद असतील तर जरूर मांडा, पण गाण्याचं नाव घेऊन मांडा.

नवखा_कान

साधा प्रश्न. गाण्यांना ध्रुवपदच नाही. ‘ॲकॉर्डियन’ सुरू होतं आणि दोन मिनिटांत बंद. हे रचनेत नेमकं कसं बसतं?

आवर्तन

बार मोजून बघा, उलगडेल. रॅपमध्ये एक बार म्हणजे चार ठोके. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली तर दोन मिनिटांत १८० ठोके, म्हणजे ४५ बार. त्या काळच्या रेडिओवरच्या नेहमीच्या गाण्यात १६ बारांची तीन कडवी, ८ बारांचं ध्रुवपद तीनदा आणि सुरुवातीला ४ बार असत. बेरीज ७६ बार, त्याच लयीत साधारण तीन मिनिटं तेवीस सेकंद. त्यातले २४ बार नुसतं ध्रुवपद.

डूमनं ते २४ बार काढून टाकले. उरलेल्या जागेत तो एकच लांब कडवं सलग म्हणतो आणि शब्द संपले की गाणं संपतं. कडव्यांमधला श्वास मॅडलिब वेगळ्या तुकड्यांना देतो. ‘बिस्ट्रो’, ‘सिकफिट’, ‘डू नॉट फायर!’ हे तुकडे त्यासाठी आहेत. ध्रुवपद गाण्याच्या आत नाही, ते अल्बमभर विखुरलेलं आहे असं समजून सलग ऐका. प्लेलिस्टमध्ये मिसळून ऐकलं की हा हिशेब मोडतो आणि प्रत्येक गाणं अपुरं वाटायला लागतं.

अनवट

बांधणीबद्दल पूर्ण सहमत. आवाजाबद्दल नाही. गळालेल्या डेमोतला डूम मला आजही जास्त आवडतो. तिथे तो चढ्या पट्टीत, तावातावानं म्हणतो. अंतिम अल्बममध्ये तोच माणूस आरामखुर्चीत बसून बोलल्यासारखा वाटतो.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी. नोव्हेंबर २००२ मध्ये मॅडलिब ब्राझीलला गेला आणि त्याच सुमारास अपुऱ्या अल्बमची प्रत, म्हणजेच हा डेमो, बाहेर फुटून इंटरनेटवर पसरली. प्रकाशनाच्या तब्बल चौदा महिने आधी. दोघांनीही काम बाजूला ठेवलं. मधल्या काळात डूमनं २००३ मध्ये किंग गिडोरा आणि व्हिक्टर व्हॉन या नावांनी दोन वेगळे अल्बम काढले, मॅडलिबनं जे डिला या निर्मात्याबरोबर ‘चॅम्पियन साउंड’ केला. मग परत येऊन डूमनं शब्द पुन्हा रेकॉर्ड केले, काही ठिकाणी बदललेही. शेवटच्या ‘ऱ्हाइनस्टोन काउबॉय’मध्ये या गळतीचा थेट उल्लेख आहे. अंतिम अल्बम आला तेव्हा डेमो पाठ झालेले बरेच चाहते नाराज होते, आणि त्यांची नाराजी अगदीच निराधार नव्हती.

तबकडी_३३

अनवट, नाराजी समजते. पण आवाज खाली आणण्याला ध्वनीचं कारण आहे. मॅडलिबचे लूप, म्हणजे तबकडीतून कापून फिरून फिरून वाजवलेले तुकडे, एकसंध असतात. ड्रम वेगळा, बेस वेगळा, पियानो वेगळा अशी मांडणी नसते. तबकडीवरचा अख्खा वाद्यवृंद एकाच तुकड्यात येतो आणि त्यातला मधला पट्टा, अंदाजे ५०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ, आधीच भरलेला असतो. माणसाचा चढा आवाज नेमका तिथेच येऊन आदळतो. आवाज खाली आणून छातीतून काढला की शब्द लूपच्या खालून सरकतात आणि दोन्ही ऐकू येतात. ‘फिगारो’ दोन्ही रूपांत लागोपाठ ऐका. डेमोत लूप आणि शब्द भांडतात, अल्बममध्ये एकमेकांना वाट देतात.

शिवाय २२ गाणी सलग चढ्या आवाजात ऐकणं थकवतं. एकेकट्या गाण्याला तुमचा डेमो जिंकेल, सलग ४६ मिनिटांना नाही.

अनवट

हे पटतं. तरी ‘मीट ग्राइंडर’ला तो न्याय लागू होत नाही असं मी म्हणेन. तिथे बेस आणि घसरती गिटार एवढंच आहे, मधला पट्टा मोकळा आहे. तिथे ताव चालला असता.

पट्टीबदल

यंत्राबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या हॉटेलच्या खोलीत मॅडलिबकडे तीनच गोष्टी होत्या : सोबत नेता येणारं तबकडी वाजवायचं यंत्र, कॅसेट डेक आणि बॉस कंपनीचा एसपी-३०३ सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र. तिथल्या दुकानांतून तबकड्या घ्यायच्या, खोलीवर येऊन कापायच्या, कॅसेटवर उतरवायच्या. ‘रेड’, ‘स्ट्रेंज वेज’ आणि ‘ऱ्हाइनस्टोन काउबॉय’ची चाल तिथे तयार झाली. ‘रेड’मध्ये बिल एव्हान्स यांच्या ‘नार्डिस’चा पियानो आणि ओस्मार मिलितो यांचं ‘अमेरिका लातिना’ आहे. ‘ऱ्हाइनस्टोन काउबॉय’मध्ये मारिया बेथानिया यांचा आवाज. ‘स्ट्रेंज वेज’ मात्र जेंटल जायंट या इंग्लिश बँडच्या ‘फनी वेज’वर उभं आहे.

एसपी-३०३ वर आठ पॅड (तुकडा वाजवायच्या रबरी कळा) असतात आणि एका वेळी एकच इफेक्ट लागतो. दुसरा हवा असेल तर पहिल्यासकट आवाज पुन्हा सॅम्पल करायचा, म्हणजे रीसॅम्पल, आणि मग त्यावर दुसरा लावायचा. प्रत्येक फेरीत आवाज थोडा जाड, थोडा धुरकट होतो. त्यातला व्हिनाइल सिम नावाचा इफेक्ट खास प्रसिद्ध. त्याचा कॉम्प्रेशनचा नॉब वर नेला की बारीक आवाज उचलले जातात आणि मोठे दाबले जातात, मग किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, वाजली की बाकी सगळं क्षणभर खाली बसतं आणि परत वर येतं. अख्खं गाणं श्वास घेतंय असं वाटतं ते यामुळे.

जुनं यंत्र घेणाऱ्यांनी एक बघावं. त्यात स्मार्टमीडिया कार्ड लागतं, ३.३ व्होल्टचं. हल्लीची मोठी कार्डं त्याला समजत नाहीत आणि ही कार्डं बनणं कधीच थांबलंय. कार्ड त्याच यंत्रावर फॉर्मॅट केलेलं हवं. विकणाऱ्याला कार्ड घालून एक सॅम्पल साठवायला सांगा, यंत्र बंद करून चालू करायला लावा आणि तो वाजतो का ते बघा. आठही पॅड हलके आणि जोरात दाबून पाहा. आतलं रबर थकलं की आधी हलका दाब जातो.

लूपकार_सांगली

संगणकावर असा लूप करताना दर फेरीच्या सुरुवातीला ‘टक्’ आवाज येतो. तुकडा चार बारांचा, लय ९०. शिवाय चौथ्या-पाचव्या फेरीला ड्रमपासून सरकतो. काय चुकतंय?

पट्टीबदल

दोन वेगळ्या चुका आहेत.

‘टक्’ येतो कारण कापलेल्या जागी ध्वनिलहर शून्यावर नाही. तुकड्याचा शेवट एका उंचीवर आणि सुरुवात दुसऱ्या उंचीवर असली की स्पीकरचा पडदा एकदम उडी मारतो. लहर शून्य ओलांडते तिथे कापा आणि दोन्ही टोकांना ३ ते ५ मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज हळूच चढवा आणि उतरवा. फेड १५–२० पर्यंत नेलात तर ‘टक्’ जाईल, पण पहिल्या ठोक्याचा धारदार कडाही जाईल आणि सम मऊ पडेल.

सरकणं लांबीमुळे. ९० च्या लयीत चार बार म्हणजे १६ ठोके, म्हणजे १०.६६७ सेकंद. तुमचा तुकडा १०.६४ असेल तर दर फेरीला २७ मिलिसेकंद तूट पडते. पाच फेऱ्यांत ती १३५ होते आणि तेवढं कुणालाही कळतं. जुन्या तबकडीवर माणसांनी वाजवलेली लय असते, ती अचूक ९० नसतेच. म्हणून तुकडा ताणू नका, उलटं करा : आधी तुकडा कानानं नीट कापा, त्याची लांबी मोजा आणि प्रकल्पाची लय त्यावरून ठरवा. ठोक्यांची संख्या गुणिले ६०, भागिले सेकंद. १०.६४ सेकंदांना १६ ठोके म्हणजे ९०.२३. तीच लय भरा आणि ड्रम त्यावर बसवा.

तिसरी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पुढे अडेल. जुन्या सॅम्पलरमध्ये जागा वाचवायला ३३ ची तबकडी ४५ वर वाजवून घेत आणि नंतर आवाज खाली आणत. वेग १.३५ पट होतो, म्हणून परत मूळ जागी यायला ५.२ सेमीटोन (अर्धस्वर) खाली यावं लागतं. नुसते ५ टाकलेत तर लूप किंचित चढा राहतो आणि त्यावर दुसरी चाल बसवली की बेसूर ऐकू येतं. दशांशाचं घर वेगळं असतं, त्यात २० सेंट (सेमीटोनचे शंभरावे भाग) भरा.

लूपकार_सांगली

लय मोजून भरली, सरकणं थांबलं. ‘टक्’ ४ मिलिसेकंदांत गेला. आता रॅप चढवला की किकबरोबर आवाजही दबतोय.

पट्टीबदल

कॉम्प्रेशन सगळ्यात शेवटी, एकत्रित आवाजावर लावलेलं दिसतंय. ते फक्त बीटवर, म्हणजे रॅपमागच्या संगीतावर, लावा, बीट पक्की करून घ्या आणि आवाज नंतर वर ठेवा. आवाजाचा ८० हर्ट्झखालचा भाग काढून टाका आणि बीटमध्ये २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास २ डेसिबल कमी करा. शब्द मोकळे होतील.

नवखा_कान

‘अमेरिकाज मोस्ट ब्लंटेड’मध्ये एक चिरका, लहान मुलासारखा आवाज आहे. तो कोण?

आवर्तन

तो क्वासिमोटो, म्हणजे मॅडलिब स्वतःच. पद्धत जुनी आहे : बीट संथ करायची, त्यावर संथपणे रॅप म्हणायचा आणि नंतर फक्त आवाज मूळ वेगाला आणायचा. बीट मूळच्या ८० टक्के वेगानं वाजवून म्हटलं, तर परत आणताना आवाज १.२५ पट होतो आणि सुमारे ३.९ सेमीटोन चढतो. चुकतं कुठे? लोक नेहमीच्या वेगात म्हणतात आणि फक्त पट्टी चढवतात. मग व्यंजनं तशीच राहतात, स्वर तेवढे चिरकतात आणि कार्टूनसारखं ऐकू येतं. संथ म्हणताना ‘स’ आणि ‘श’ मुद्दाम लांबवू नका, वेग वाढल्यावर ते सुईसारखे टोचतात.

मोरपंखी

शब्दांकडे येऊ. डूमची खरी करामत यमकात आहे, आणि मराठी वाचकाला ती समजायला परकं काही शिकावं लागत नाही. मोरोपंतांचं दामयमक आठवा : चरणाच्या शेवटचा शब्दसमूह पुढच्या चरणाच्या आरंभी निराळ्या अर्थानं येतो. डूमचं कूळ तेच, फक्त तो अक्षरांपेक्षा स्वरांची साखळी पकडतो. चार-पाच स्वरांचा एक क्रम निवडतो आणि आठ-दहा ओळी तोच क्रम शेवटी, मध्ये, कधी ओळ ओलांडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला टाकत जातो. अर्थ मध्येच वळण घेतो, स्वर मात्र जागचे हलत नाहीत.

यमक अपेक्षित आहे तिथे तो कधीकधी मुद्दाम वेगळाच शब्द ठेवतो. कान पुढे धावलेला असतो, शब्द मागे राहतो. ‘ऑल कॅप्स’मध्ये हे बारकाईनं ऐकण्यासारखं आहे. (त्या गाण्यातला आग्रह असा की डूमचं नाव रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांतच लिहावं. आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नाही, तेव्हा इथे कुणीही चुकत नाही.)

मराठीत रॅप लिहिणाऱ्यांना यातून एक नेमकी गोष्ट घेता येते. आपली वाक्यं क्रियापदावर संपतात, म्हणून ‘येतो, जातो, गातो’ हे यमक फुकट मिळतं आणि दुसऱ्याच ओळीला कंटाळा आणतं. प्रत्यय जुळले म्हणजे यमक झालं असं धरू नका. ‘पायऱ्या मोजत’ आणि ‘सावल्या शोधत’ बघा. शेवटचा ‘त’ सोडला तर व्यंजनं बहुतेक वेगळी, पण आ-अ-आ-ओ-अ हा स्वरांचा क्रम तंतोतंत एक. कानाला हे जास्त घट्ट वाटतं. क्रियापद ओळीच्या मध्ये ओढा आणि नाम शेवटी ठेवा, नव्या जोड्या आपोआप सुचतात. ९० च्या लयीत एका बारमध्ये सोळा अक्षरं आरामात बसतात. जोडाक्षरं जास्त असतील तर तेरा-चौदावर थांबा, नाहीतर श्वास तुटतो.

अनवट

‘फॅन्सी क्लाउन’चं नाव राहिलं. झेड. झेड. हिल यांच्या गाण्यावर उभं आहे. तिथे डूम व्हिक्टर व्हॉन होऊन बोलतो : प्रेयसीनं फसवलं म्हणून चिडलेला माणूस. आणि तिनं ज्याच्याशी संधान बांधलं तो मुखवटेवाला म्हणजे डूमच. एकाच तोंडानं स्वतःलाच शिव्या. दोन मिनिटांत एवढं नाट्य क्वचितच सापडतं.

तबकडी_३३

आता स्वागताकडे. इथे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र दिसतं. समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर ९३, पिचफोर्कचे १० पैकी ९.४. आणि बिलबोर्ड २०० यादीत सर्वोच्च क्रमांक १७९.

ही तफावत पडण्याची कारणं बांधणीतच आहेत. ध्रुवपद नाही म्हणजे रेडिओला परत परत वाजवायला पकड नाही. ‘मनी फोल्डर’ २००३ मध्येच एकल म्हणून आलं होतं, पण तेही त्याच घडणीचं. लेबल स्वतंत्र आणि लहान, म्हणजे जाहिरातीला पैसा बेताचा. आणि सगळ्यात उत्सुक श्रोत्यांनी डेमो आधीच ऐकलेला. उलट समीक्षकांना नेमकी हीच घडण आवडली. न्यूयॉर्क टाइम्स आणि न्यूयॉर्करसारख्या ठिकाणी एवढ्या लहान लेबलच्या रॅप अल्बमची दखल घेतली गेली हे त्या वर्षी लहानसहान नव्हतं.

‘ऑल कॅप्स’च्या चित्रफितीनं पुढे बरंच काम केलं. जुन्या कॉमिकच्या पानांसारखी ती रेखाटली आहे, मुखवट्याच्या पात्राला अगदी शोभेल अशी. मग वर्षं गेली तशी किंमत वाढत गेली. रोलिंग स्टोननं २०२० मध्ये पाचशे सर्वोत्तम अल्बमांची यादी नव्यानं केली तेव्हा हा ३६५ वा होता. डूम ३१ ऑक्टोबर २०२० ला गेला आणि ते जगाला ३१ डिसेंबरला कळलं.

माझी एकच तक्रार. ‘हार्डकोर हसल’वर फक्त पाहुणा रॅपर वाइल्डचाइल्ड आहे, डूम नाहीच. गाणं वाईट नाही, पण त्या जागी ओघ तुटतो. ‘रेड’वर दुसरा पाहुणा एम.ई.डी. येतो तेव्हा तसं होत नाही, कारण डूमनं आधी पाया घातलेला असतो.

गिरगावकर_७८

आपल्याकडचा धागा सांगायचा राहिला. ‘शॅडोज ऑफ टुमॉरो’मध्ये आर. डी. बर्मन यांच्या ‘हिंदू हूँ मैं ना मुसलमान हूँ’चा तुकडा आहे, आणि त्यावर सन रा यांचे शब्द. मुंबईच्या स्टुडिओत वाजलेली तार आणि शिकागोत नाव झालेल्या जॅझवाल्याचं काव्य एकाच दोन-अडीच मिनिटांत. मॅडलिबला हिंदी चित्रपटसंगीताचा नाद पुढेही राहिला. २००७ चा ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ सगळाच्या सगळा त्यावर उभा आहे. पंचमचे मधले तुकडे, म्हणजे मुखडा आणि अंतरा यांच्यामधलं वाद्यसंगीत, सॅम्पलिंगला सोयीचे असतात : गाणारा थांबलेला असतो, ताल उघडा असतो आणि चार-आठ बारांत चाल बदलते.

लूपकार_सांगली

मग असा तुकडा आपण वापरला तर परवानगी कुणाची?

गिरगावकर_७८

दोघांची. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो सहसा रेकॉर्ड कंपनीकडे. चाल आणि शब्दांचा हक्क वेगळा. आपल्या १९५७ च्या कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण आहे, म्हणजे १९७६ ची तबकडी २०३६ अखेरपर्यंत. संगीतरचनेचं संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पंचम १९९४ मध्ये गेले, म्हणजे २०५४ अखेर. चाल स्वतः वाजवून घेतलीत तर पहिली परवानगी लागत नाही, दुसरी लागतेच.

‘चार सेकंद चालतात’ ही समजूत घातक आहे. अमेरिकेत सप्टेंबर २००४ मध्ये, म्हणजे हा अल्बम येऊन सहा महिने होत असताना, ब्रिजपोर्टच्या खटल्यात सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्यालाही परवाना लागतो असं ठरवलं. त्याआधी ‘ॲडिक्टिव्ह’ या अमेरिकी गाण्यात ‘थोडा रेशम लगता है’ न विचारता वापरल्यावरून बप्पी लाहिरी न्यायालयात गेले होते, आणि २००३ मध्ये त्यांचं नाव छापल्याशिवाय विक्री करायला मनाई झाली. सरावासाठी घरी हवं ते कापा. प्रसिद्ध करण्याआधी मात्र लेखी परवानगी घ्या, आणि तुकडा कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत घेतला हे बनवतानाच वहीत टिपून ठेवा. नंतर शोधायला बसलात तर स्वतःचाच लूप ओळखता येत नाही.

नवखा_कान

तबकडी घ्यावी की सीडी पुरे?

तबकडी_३३

तबकडीची जोडी येते. ४६ मिनिटं चार बाजूंवर म्हणजे एका बाजूला साडेअकरा. ३३ च्या बारा इंची तबकडीवर अठरा-वीस मिनिटांपलीकडे खोबणी अरुंद करावी लागते आणि बेस पातळ होतो. इथे ती अडचण नाही, बेस भरपूर उतरतो. फक्त सुई स्वच्छ ठेवा आणि वजन कार्ट्रिजच्या पत्रकाप्रमाणे लावा. या अल्बममध्ये मूळ सॅम्पलचीच खरखर आहे, त्यामुळे आपल्या सुईची खरखर कोणती ते चटकन कळत नाही. ओळखायची खूण : लूपमधली खरखर दर फेरीला त्याच ठोक्यावर येते, धुळीची मात्र कुठेही येते किंवा तबकडीच्या फेरीबरोबर, १.८ सेकंदांनी.

सलग ऐकायचं असेल तर सीडी सोयीची. तबकडी उलटताना तीनदा ओघ तुटतो.